ट्युब्युलर : वेग, भरवसा आणि ग्लूचा डबा

सायकलचा टायर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. बाहेर टायर, आत वेगळी ट्यूब, टायरच्या दोन्ही काठांत तार आणि ती तार रिमच्या कडेत अडकलेली. पंक्चर झाले की काठ उचकटायचा (हॉस्टेलवर हे काम मेसचा चमचा करतो), ट्यूब बाहेर काढायची, बादलीत बुडवून बुडबुडे शोधायचे, पॅच मारायचा, काम खल्लास. या टायरला क्लिंचर म्हणतात. पण शर्यतीच्या सायकलवर अनेक दशके राज्य केले ते वेगळ्याच प्राण्याने. त्याचे नाव ट्युब्युलर.

ट्युब्युलरमध्ये कापडाच्या लांबट पट्टीत ट्यूब गुंडाळून पट्टीचे दोन्ही काठ खालून चक्क शिवून टाकतात. शिलाईवर एक सुती पट्टी चिकटवतात, तिला बेस टेप म्हणायचे. वरून रबराचा ट्रेड. तयार झालेली वस्तू म्हणजे एक बंद गोल नळी, तिला ना काठ ना तार. रिमलाही कडा नाही, फक्त उथळ खोलगट पन्हळ. त्या पन्हळीत हा टायर ग्लूने चिकटवायचा. होय, चिकटवायचा! ताशी ६० कि.मी. वेगाने घाट उतरणारा माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये ग्लूचा एक पातळ थर, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने त्या चाकाकडे बघितले होते.

मग हा खटाटोप कशासाठी? एक म्हणजे रिमला कडा नसल्यामुळे रिम हलकी होते, आणि चाकाच्या परिघावरचे वजन कमी होणे कोणाला नको आहे? दुसरे, खड्ड्यात आपटल्यावर ट्यूब रिमच्या धारेत चिमटून जी दोन भोके पडतात (साप चावल्यासारखी), ती ट्युब्युलरमध्ये क्वचितच पडतात, कारण तिथे धारच नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हवा अचानक गेली तरी चांगला चिकटवलेला टायर रिमवर राहतो. पडायच्या ऐवजी माणूस सावकाश थांबू शकतो, टीमची गाडी येईपर्यंत थोडे अंतर रेटूही शकतो.

थिअरीवाल्यांसाठी एक गंमत. टायर फक्त ग्लूने धरलेला नसतो. कापडाचे धागे परिघाशी साधारण ४५ अंशांत तिरके असतात. अशा तिरक्या विणीच्या नळीत हवा भरली की तिचे धागे ५४.७ अंशांच्या कोनाकडे सरकू पाहतात, म्हणजे नळी जाड होते आणि लांबीने आखडते. (न्यूमॅटिक मसल नावाचा रोबोटचा कृत्रिम स्नायू याच तत्त्वावर चालतो.) नळी गोल असल्यामुळे आखडणे म्हणजे रिमला आवळणे. हवा भरलेला ट्युब्युलर म्हणूनच हाताने निघता निघत नाही. हवा गेली की ही मिठी सुटते, मग उरतो तो फक्त ग्लू.

आता वेगाकडे वळू. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेल्यावर परत गोल होतो. प्रत्येक फेरीत रबर आणि कापड वाकण्यात जी ऊर्जा जाते ती सगळी परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. आपल्या भाषेत हिस्टेरिसिस. यातून येणारा अवरोध म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. गणित सोपे आहे. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलो, म्हणजे साधारण ७३६ न्यूटन वजन. टायरचा गुणांक ०.००५ असेल तर अवरोध ३.७ न्यूटन, ०.००३ असेल तर २.२ न्यूटन. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. पहिल्या टायरला ३७ वॅट लागले, दुसऱ्याला २२. पंधरा वॅटचा फरक! या वेगाला सपाट रस्त्यावर एकट्या सायकलस्वाराला एकूण दोनशेच्या आसपास वॅट लागतात, त्यातले पंधरा नुसत्या टायर बदलण्यातून. पोरे बोल्ट टायटॅनियमचे करून दहा ग्रॅम वाचवतात आणि टायर मात्र दुकानदार देईल तो घेतात, याला काय म्हणावे?

गुणांक कशावर ठरतो? मुख्यतः तीन गोष्टींवर. कापड जितके बारीक धाग्याचे आणि लवचिक तितका तोटा कमी. सुती किंवा पॉलीकॉटन कापडाचे टायर नायलॉनवाल्यांपेक्षा मऊ चालतात. पूर्वी रेशीमही वापरत. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ कि.मी.चा विक्रम केला तो क्लेमां कंपनीच्या रेशमी ट्युब्युलरवर. धाग्यांची संख्या टीपीआयमध्ये छापलेली असते, पण त्या आकड्यावर डोळे मिटून जाऊ नका. काही कंपन्या एका थराचे धागे मोजतात, काही दोन-तीन थरांची बेरीज छापतात.

दुसरी गोष्ट ट्यूब. लॅटेक्सची ट्यूब ब्युटाइलपेक्षा जास्त ताणते, म्हणून कमी ऊर्जा खाते. बारीक काचेलाही ती ताणून दाद देते. किंमत एवढीच की लॅटेक्समधून हवा झिरपते. रात्री पूर्ण भरलेला टायर सकाळी एखाद-दीड बारने उतरलेला असतो. रोज पंप मारायचा कंटाळा असेल (हॉस्टेलवर पंप कोणाकडे आहे हे शोधण्यातच सकाळ जाते) तर ब्युटाइल घ्यावी.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ती म्हणजे ग्लूचा थर. टायर रिमवर अगदी सूक्ष्म हलत असतो आणि मऊ ग्लूमध्ये ती हालचाल ऊर्जा खाते. जाड टेप वापरली तर आणखी. त्यामुळे बेफिकिरीने चिकटवलेला महागडा ट्युब्युलर चांगल्या क्लिंचरपेक्षा हळू चालू शकतो. ट्रॅकवरचे जुने लोक लाखेसारखे कडक शेलॅक वापरत त्यामागे हेच कारण.

हवेच्या दाबाबद्दल एक जुना समज अजून जिवंत आहे : टायर जितका बारीक आणि कडक तितका वेगवान. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर हे बऱ्याच अंशी खरे आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २५० मीटरचा लाकडी व्हेलोड्रोम बांधला. तसल्या ठिकाणी १० बार आणि त्याहून जास्त दाब भरतात. पण आपल्या रस्त्यांवर? कडक टायर खड्डे गिळत नाही, तो अख्खी सायकल आणि त्यावरचा माणूस वर फेकतो. ती ऊर्जा तुमच्या मांड्यांमध्ये आणि कमरेत विरते. दाब वाढवत गेलो की एका मर्यादेपर्यंत अवरोध कमी होतो आणि पुढे उलट वाढायला लागतो. म्हणून २१–२३ मि.मी.ची फॅशन गेली आणि २५–२८ मि.मी. आले. ६५ किलोच्या मुलाने २५ मि.मी. टायरमध्ये साडेसहा बारपासून सुरुवात करावी, पुढचा थोडा कमी, मागचा थोडा जास्त. पावसात आणखी कमी.

भरवशाचा प्रश्न वेगळा. वेगवान टायर म्हणजे पातळ टायर, पातळ म्हणजे पंक्चर. इथे तडजोड करावीच लागते. इटलीच्या व्हितोरियाचा कोर्सा सुती घराण्यातला, लॅटेक्सवाला, चालायला लोण्यासारखा. व्हेलोफ्लेक्सही त्याच पंथातला. जर्मन काँटिनेंटलचा कॉम्पिटिशन ब्युटाइल ट्यूबचा, ट्रेडखाली व्हेक्ट्रनचा पट्टा. थोडा कडक, पण काट्यांना दाद न देणारा. चेक देशातला तुफो शिवलेला नसतोच, आतला थर आणि कापड एकजीव केलेले असतात. तो टिकतो, हवा धरतो, पण माझ्या मते चालायला मठ्ठ आहे. द्युगास्त आणि फ्रान्सचे एफएमबी हाताने बनवलेले, त्यांचे नाव सायक्लोक्रॉसच्या चिखलात आणि पॅरिस–रूबेच्या दगडी रस्त्यांवर. मात्र उघड्या सुती कडेचा टायर आपल्या पावसाळ्यात सांभाळणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे आहे. ओला ठेवला तर कापड कुजते. असा टायर घेतलाच तर कडेला लॅटेक्सचा हात मारून ठेवावा आणि पाऊस संपेपर्यंत खुंटीला टांगावा.

‘टायर तळघरात दोन-चार वर्षे मुरवला की चांगला होतो’ असे जुने रेसर सांगतात. लोणचे मुरते, टायर नाही. आजच्या टायरचे रबर जुने झाले की कडक होते, बारीक भेगा पडतात, पकड जाते. सेकंडहँड टायरची कड अंगठ्याने वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नमस्कार करून परत द्या.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण माझा रूमपार्टनर. त्याने एका निवृत्त रेसरकडून ट्युब्युलरची जुनी चाके घेतली, टायर चिकटवलेल्या अवस्थेत. फेब्रुवारीत शर्यत आणि सराव खोपोली–खंडाळा घाटात, चढणे आणि उतरणे दोन्ही. त्याचे म्हणणे, टायर हाताने हलत नाहीत, मग झाले. मी हवा पूर्ण काढली आणि अंगठ्याने टायर बाजूला ढकलला. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वीतभर लांब फट उघडली, आत ग्लूचा पिवळा वाळका चुरा. हवा भरलेली असताना ती फट दिसणे शक्यच नव्हते, वर सांगितलेली मिठी सगळे झाकते. तपासणी हवा काढूनच करायची असते.

आता त्या घाटाचा हिशोब बघा. ७५ किलो, ५०० मीटर उतार, म्हणजे सुमारे ३६८ किलोज्यूल. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१५ किलोज्यूल पुरतात. यातला बराचसा भाग हवेच्या अवरोधात जातो हे खरे, पण भित्रा गडी सतत ब्रेक धरून उतरला तर मोठा हिस्सा रिममध्ये उष्णता होऊन शिरतो आणि रिमवर तर ग्लू आहे. तापला की तो मऊ होतो. म्हणून ब्रेक सलग न धरता वळणाआधी जोरात लावून सोडायचा.

टायर सुटल्यावर काय होते ते जगाने १४ जुलै २००३ ला पाहिले. टूर द फ्रान्समध्ये गापकडे उतरताना एकूण क्रमवारीत दुसरा असलेला होसेबा बेलोकी पुढे होता, उन्हाने डांबर पाघळलेले. त्याचे मागचे चाक घसरले, टायर रिमवरून सुटला, मांडीचे हाड मोडले. मागून येणारा आर्मस्ट्राँग वाट चुकवून शेतातून उतरला आणि परत रस्त्याला लागला. (त्याची विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली, पण तो शेतातला शॉर्टकट अजून लोक बघतात.) बेलोकी पूर्वीसारखा कधीच चालला नाही.

ग्लूचा अभ्यास इंजिनिअरिंग कॉलेजातच झाला आहे याचा मला भारी आनंद वाटतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. चिप होवॅट यांनी टायर रिमवरून ढकलून काढायला किती बल लागते हे मोजले. त्यांच्या चाचण्यांत व्हितोरियाचा मास्टिक वन वरच्या नंबरात होता. पंक्चरचे सोल्यूशन, फेव्हिकॉल, बूट चिकटवायचे ते पिवळे, यांपैकी काहीही इथे चालणार नाही. रूममध्ये हे तिन्ही पर्याय सुचवले गेले म्हणून मुद्दाम लिहितो.

आम्ही केलेली पद्धत अशी. नवा टायर आधी कोरड्या रिमवर चढवून हवा भरून दोन दिवस ताणायला ठेवला. जुना ग्लू खरवडला, अॅल्युमिनियमची रिम अॅसिटोनने पुसली (कार्बन रिमला कंपनी सांगेल तेच वापरा). मग रिमवर एक पातळ थर, एक दिवस वाळू दिला, दुसरा थर, परत एक दिवस. बेस टेपवरही तसेच थर. जाड एकच थर देण्याचा मोह होतो, तो आतून वाळतच नाही. शेवटी रिमवर ताजा पातळ हात मारून व्हॉल्व्हपासून सुरुवात केली, दोन्ही हातांनी खाली ओढत नेले आणि शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी चढवला. त्यात दोघांची बोटे सोलली. चाक फिरवून टायरचा आउट काढला, हवा भरली, चोवीस तास हात लावला नाही. टायर आम्ही ब्युटाइलवाला, पट्टा असलेला घेतला. दोन-तीन वॅट गेले तर गेले, घाटात काचा फार आहेत.

आता स्पष्टच सांगतो : नवीन चाके विकत घेणार असाल तर रस्त्यासाठी ट्युब्युलर घेऊ नका. व्यावसायिक संघ गेल्या काही वर्षांत ट्यूबलेसकडे गेले, कारण चांगला ट्यूबलेस प्रयोगशाळेत कमी अवरोध दाखवतो आणि आतले सीलंट बारीक भोक आपोआप बुजवते. म्हणजे तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटचा टायर बिनहुकाच्या रिमवरून सुटला आणि मोठा वाद झाला. ट्युब्युलर अजून टिकून आहे तो ट्रॅकवर, सायक्लोक्रॉसमध्ये, आणि आमच्यासारख्या स्वस्तात जुनी चाके मिळालेल्या लोकांकडे.

अशा लोकांसाठी एक शेवटची गोष्ट. पंक्चर काढायला टायरची शिलाई उसवावी लागते, ट्यूबला पॅच मारून मोच्याच्या सुईने परत शिवायचे. ते रूमवर ठीक, रस्त्यावर नाही. म्हणून सीटखाली एक स्पेअर घडी करून बांधायचा. पूर्वी टूरमधले रेसर तो खांद्यावर आठच्या आकड्यासारखा अडकवत. स्पेअर कोरा नसावा, आधी ग्लू लावून वाळवलेला असावा, म्हणजे रिमवरच्या जुन्या ग्लूला थोडाफार धरतो. बदलल्यावर हवा भरपूर भरायची आणि घरापर्यंत प्रत्येक वळणावर आजोबांसारखे चालवायचे. तो टायर त्या दिवशी नुसता टेकलेला असतो, चिकटलेला नाही.