ठोकळ्यांतून उभा राहणारा राजवाडा

संगणकावरील खेळात भव्य वाडा बांधायचा, तर नमुना सिंदखेडराजाचा का नसावा?

बुलढाणा : सुट्टी लागली, की मुले संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर बसतात आणि पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मात्र, पडद्यावरील सारेच खेळ मारामारीचे नसतात. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात ठरलेली कथा नाही, की गाठायचे एकच एक उद्दिष्ट नाही. समोर मोकळे रान आणि हाताशी माती, दगड व लाकडाचे चौकोनी ठोकळे, एवढ्याच भांडवलावर मुलांनी आपले जग उभारायचे असते. या जगात बहुतेकांना पहिली हौस असते ती भव्य घर बांधण्याची. हे घर बहुधा युरोपातील गढीसारखे किंवा काचेच्या बंगल्यासारखे होते, कारण शिकविणाऱ्या चित्रफितींत तसेच नमुने दिसतात. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना मात्र नमुन्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म ज्या राजवाड्यात झाला, तो लखुजीराजे जाधवांचा राजवाडा याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे आहे.

खेळ नेमका कसा?

‘माइनक्राफ्ट’ स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ मध्ये प्रथम लोकांसमोर आणला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने तो तयार करणारी ‘मोजांग’ ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. हा खेळ विकत घ्यावा लागतो. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्यासाठी ‘लुआंटी’ हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. २०२४ पर्यंत ते ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखले जात असे. त्यातही ठोकळ्यांचेच जग उभारता येते.

‘माइनक्राफ्ट’मध्ये बांधकामाचे दोन मार्ग आहेत. ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात ठोकळ्यांचा साठा अमर्याद असतो आणि हवेत तरंगत काम करता येते. ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात मात्र प्रत्येक ठोकळा खणून, तोडून किंवा भाजून मिळवावा लागतो आणि अंधारात निर्माण होणाऱ्या राक्षसांपासून जीवही वाचवावा लागतो. नवख्यांनी राजवाड्यासारखे मोठे काम पहिल्या प्रकारात करावे, हे उत्तम.

आधी माप, मग दगड

खेळातील एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा घन. खेळातला माणूस सुमारे १.८ मीटर उंच. त्यामुळे खरी वास्तू पडद्यावर आणणे तत्त्वतः सोपे आहे. जितके मीटर, तितके ठोकळे. खरी अडचण सुरू होते ती बारीक कामात. लाकडी खांब जेमतेम फूटभर जाडीचा असतो. तो एका ठोकळ्याचा केला, की हत्तीच्या पायासारखा दिसतो. तेथे कुंपणासाठी असलेले बारीक खांब एकावर एक रचून काम भागवता येते. पायऱ्यांसाठी अर्ध्या उंचीची फरशी वापरता येते.

यावर दुसरा उपाय म्हणजे प्रमाण बदलणे. एका मीटरला दोन ठोकळे धरले, तर कमानीची वळणे आणि कोनाडे स्पष्ट उमटतात. मात्र त्यासाठी ठोकळे आठपट लागतात, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट होतात. शिवाय अशा वाड्यात खेळातला माणूस बाहुलीएवढा भासतो. वाड्यात हिंडायचे असेल, तर एकास एक प्रमाण ठेवावे. शिल्पकाम दाखवायचे असेल, तर दुप्पट. हा निर्णय पहिला ठोकळा ठेवण्यापूर्वीच घ्यावा.

त्यानंतर आलेखवही काढावी. एक चौकोन म्हणजे एक ठोकळा, असे धरून वरून दिसणारा आराखडा काढला, की निम्मे काम झाले.

वाड्याचे मूळ माप : खण

मराठी वाडा हा मुळातच मोजून-मापून, एकाच मापाची पुनरावृत्ती करीत वाढणारा प्रकार आहे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. सोपा किती खणांचा, माजघर किती खणांचे, यावरून घराचा आवाका सांगितला जाई. खणाचे माप तुळईवर अवलंबून असे. लाकूड जेवढे अंतर न वाकता पेलेल, तेवढ्यावर पुढचा खांब. ठोकळ्यांच्या खेळाला ही पद्धत अगदी चपखल बसते.

समजा, एका चौकाचा वाडा बांधायचा आहे. खांब एका ठोकळ्याच्या जागेत आणि दोन खांबांमध्ये दोन ठोकळ्यांची मोकळी जागा, असे धरले तर पाच खणांच्या ओळीला सहा खांब लागतात आणि ओळीची लांबी १६ ठोकळे होते. चौकाच्या चारही बाजूंना अशा ओळी घ्याव्यात. खांबांच्या मागे तीन ठोकळे खोल सोपा, त्यामागे पाच ठोकळ्यांच्या खोल्या आणि शेवटी दोन ठोकळे जाडीची भिंत. म्हणजे प्रत्येक बाजूला दहा ठोकळे वाढले आणि वाडा ३६ बाय ३६ चा झाला.

आता जोते. ते दोन ठोकळे उंच घेतले आणि खांबांच्या आतला १४ बाय १४ चा चौक जमिनीच्या पातळीलाच ठेवला, तर जोत्याला बरोबर २,२०० ठोकळे लागतात. आठ ठोकळे उंचीच्या बाहेरील भिंतीला, दारे-खिडक्या न वगळता, २,१७६. ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात एका थप्पीत ६४ ठोकळे मावतात आणि खेळाडूजवळ अशा ३६ थप्प्यांची जागा असते. म्हणजे नुसत्या जोत्याचा दगडच जवळजवळ सारे ओझे व्यापतो. खणलेला दगड ओबडधोबड मिळतो. तो भट्टीत भाजून गुळगुळीत करायचा, तर एका ठोकळ्याला दहा सेकंद लागतात आणि एका कोळशात आठ ठोकळे भाजतात. जोत्यासाठी २७५ कोळसे आणि एका भट्टीवर सहा तासांहून अधिक वेळ! भट्ट्यांची रांग लावण्याची गरज येथे कळते. राजवाडे उभारण्यास वर्षे का लागत असतील, याचा अंदाजही या हिशेबातून मुलांना येतो.

दगड काळा, माती पांढरी

बुलढाणा जिल्ह्याची भूमी लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची. जगप्रसिद्ध लोणारचे विवरही याच खडकात आहे. त्यामुळे येथील जुन्या वास्तूंचे जोते आणि तट काळ्या दगडाचे असणे स्वाभाविकच. खेळात २०२० मध्ये ‘बेसाल्ट’ व ‘ब्लॅकस्टोन’ आणि २०२१ मध्ये ‘डीपस्लेट’ हे गडद दगड आले. जोत्यासाठी व खालच्या भिंतीसाठी ते वापरावेत. वरच्या भिंतींना २०२२ मध्ये आलेल्या मातीच्या विटा शोभतात. एकाच प्रकारचा दगड सर्वत्र लावला, तर भिंत छापील दिसते. म्हणून अधूनमधून भेगा पडलेल्या विटांचे ठोकळे मिसळावेत.

छत उतरते कौलारू करण्याचा मोह टाळावा. कमी पावसाच्या या टापूत लाकडी तुळयांवर काटक्या व माती पसरून केलेले सपाट धाबे किंवा माळवद ही जुनी रीत आहे. खेळातही तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर अशी रचना करता येते. पाणी जाण्यासाठी कडेला पन्हाळी ठेवण्यास विसरू नये.

महाद्वार आणि कमान

सिंदखेडराजाच्या राजवाड्याचे भव्य महाद्वार आजही पाहणाऱ्याची नजर खिळवून ठेवते. ठोकळ्यांत कमान साधण्यासाठी पायरीचा ठोकळा उलटा लावण्याची युक्ती आहे. दार पाच ठोकळे रुंद घ्यावे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पाच ठोकळे उंच न्याव्यात. सहाव्या थरात दोन्हीकडून एकेक उलटी पायरी पुढे आणावी. मध्ये तीन ठोकळ्यांची फट उरते. सातव्या थरात पुन्हा तसेच. फट एकाची उरते. आठव्या थरात अखंड ओळ टाकली, की कमान पूर्ण होते. मोठ्या दरवाजात ये-जा करण्यासाठी दिंडी दरवाजा आणि आत शिरताच दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या ठेवल्यास प्रवेशाला वाड्याचा रुबाब येतो.

भिंत दोन ठोकळे जाड ठेवण्याचा फायदाही येथे दिसतो. आतून एक ठोकळा काढला, की कोनाडा तयार होतो. त्यात मशाल ठेवली, की उजेड पडतो आणि अंधारात निर्माण होणारे राक्षसही दूर राहतात. जुन्या घरांत दिवे याच जागी ठेवले जात.

खेळ जे शिकवीत नाही

या खेळात वाळू आणि खडी यांसारखे मोजके ठोकळे सोडले, तर काहीच खाली पडत नाही. खांब काढून घेतले, तरी छत तसेच अधांतरी राहते. खऱ्या कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो आणि मधला कळीचा दगड तो रेटा दोन्हीकडे वाटून देतो. खेळातील कमान हे केवळ तिचे चित्र आहे. म्हणून मुलांनी स्वतःवर एक नियम घालून घ्यावा. तुळईखाली दर खणाला खांब असलाच पाहिजे आणि खांबाखाली जोते. या नियमाने बांधलेला वाडा डौलदार तर दिसतोच, शिवाय खऱ्या वाड्याचे गणितही समजते.

कल्पना कोठे थांबवावी?

सिंदखेडराजाच्या राजवाड्याच्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. महाद्वार उभे असले, तरी आतील बऱ्याच भागाची पडझड झाली आहे. जिजाऊंचा जन्म झाला ते दालन म्हाळसामहाल म्हणून दाखविले जाते. परंतु वरचे मजले नेमके कसे होते, हे पाहून सांगणारा कोणी नाही. मग पडद्यावर ते कसे बांधायचे?

जुन्या वास्तूंची निगा राखणाऱ्या तज्ज्ञांनी १९६४ मध्ये व्हेनिस येथे स्वीकारलेल्या सनदेत याचे उत्तर आहे. जेथे तर्क सुरू होतो, तेथे पुनर्बांधणी थांबावी आणि नव्याने घातलेला भाग मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, असे ती सनद सांगते. मुलांनाही हे सहज करता येईल. जे आज प्रत्यक्ष दिसते, ते काळ्या दगडात बांधावे. जे कल्पनेने भरले, ते पांढऱ्या ठोकळ्यांत. पाहणाऱ्याला सत्य कोणते आणि अंदाज कोणता, हे क्षणात कळेल. जिजाऊंवरील श्रद्धेपोटी राजवाडा सोन्याच्या ठोकळ्यांनी मढविण्यापेक्षा हा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा आहे.

हे काम किती जपून करावे लागते, याचा प्रत्यय जून २०२४ मध्ये आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने लखुजीराजांच्या समाधीस्थळी संवर्धनाचे काम सुरू असताना शेषशायी विष्णूची सुमारे १.७ मीटर लांबीची शिल्पमूर्ती जमिनीखाली सापडली. खेळाच्या मापात सांगायचे, तर दोन ठोकळ्यांहूनही कमी! शतकानुशतके लोक त्या परिसरात वावरत होते. पायाखाली काय आहे, याची कोणाला कल्पना नव्हती.

जगात काय चालले आहे?

असे प्रयोग अन्यत्र गांभीर्याने होत आहेत. डेन्मार्कच्या सरकारी भूमापन विभागाने २०१४ मध्ये आपला संपूर्ण देश या खेळात एकास एक प्रमाणात उतरविला. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ने २०१२ पासून मोजांगच्या साथीने ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ उपक्रम चालविला. केनियातील नैरोबीच्या किबेरा वस्तीपासून सुरुवात करीत, आपल्या परिसरातील मोकळी जागा कशी असावी, हे रहिवाशांनी ठोकळ्यांतून मांडले. शाळांसाठी या खेळाची स्वतंत्र शैक्षणिक आवृत्तीही २०१६ पासून उपलब्ध आहे.

सिंदखेडराजात तर राजवाड्याखेरीज रंगमहाल, काळाकोट, मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव असे कितीतरी विषय आहेत. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी बारव ठोकळ्यांच्या खेळासाठीच जणू घडविली आहे. एखाद्या शाळेच्या वर्गाने वास्तू वाटून घेतल्या, तर एका सुट्टीत सारे गाव पडद्यावर उभे राहू शकेल.

हे लक्षात ठेवा

- प्रत्यक्ष वास्तू पाहण्यास मोठ्यांसोबत जावे. मोजपट्टीने दार, पायरी आणि भिंतीची जाडी मोजावी. उंची मोजण्यासाठी तटावर चढू नये. ओळखीच्या उंचीची व्यक्ती शेजारी उभी करून छायाचित्र घ्यावे, म्हणजे प्रमाण काढता येते.
- दगड हलवू नयेत, भिंतींवर नावे कोरू नयेत.
- अनोळखी लोकांसह इंटरनेटवर खेळण्याऐवजी स्वतःच्या संगणकावरील जगात किंवा ओळखीच्या मित्रांसोबतच काम करावे.
- दर आठवड्याला त्या जगाची प्रत वेगळी जपून ठेवावी. महिन्याची मेहनत एका चुकीने जाऊ शकते.
- रोज तासाभरापेक्षा अधिक बसू नये. आराखडा कागदावर तयार असेल, तर तेवढा वेळ पुरतो.