स्तनकर्करोगविषयक जनजागृती मोहिमा

स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे, निदान व उपचार यांविषयी सर्वसाधारण लोकांना, विशेषतः स्त्रियांना, माहिती देऊन रोग प्रारंभिक अवस्थेतच उघडकीस आणण्यासाठी केलेले संघटित प्रचारकार्य. स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनकर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. २०२२ मध्ये जगात सु. २३ लाख नवे रुग्ण आढळले व सु. ६ लाख ७० हजार रुग्ण मृत्यू पावले, असा अंदाज आहे. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सु. १ लाख ९२ हजार व मृत्यूंची सु. ९८ हजार होती. म्हणजे जगात तीनहून अधिक नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तर भारतात दोन रुग्णांमागेच एक मृत्यू असे प्रमाण पडते. रोग उशिरा ध्यानात येणे हे या तफावतीचे एक प्रमुख कारण होय.

गाठ स्तनापुरती मर्यादित असताना उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण दीर्घकाळ जगतात. रोग काखेतील लसीका ग्रंथींत व पुढे अस्थी, फुप्फुसे, यकृत इ. भागांत पसरल्यावर ही शक्यता कमी होत जाते [→ कर्करोग]. सर्व मोहिमांचा पाया हाच आहे. परंतु रोगाविषयी माहिती असणे आणि रोगातून वाचणे यांच्यामध्ये तपासणी, निदान व पूर्ण उपचार अशा अनेक पायऱ्या असतात. प्रचार पुष्कळ झाला, पण या पायऱ्या सांधल्या गेल्या नाहीत, असे अनेकदा घडले आहे.

इतिहास : या कार्याची सुरुवात प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. न्यूयॉर्क येथे १९१३ मध्ये काही वैद्य व व्यावसायिक यांनी कर्करोग नियंत्रणासाठी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. त्या काळी या रोगाचे नावही चारचौघांत घेतले जात नसे. १९३६ मध्ये या संस्थेने ‘विमेन्स फील्ड आर्मी’ हे स्त्रियांचे स्वयंसेवक दल उभारले. गणवेशातील कार्यकर्त्या निधी जमवीत व लक्षण दिसताच विलंब न लावता वैद्याकडे जाण्याचा संदेश लोकांपर्यंत पोहोचवीत. संदेश योग्य असला, तरी त्यात एक उणीव होती. उशीर झाल्यास त्याचा सर्व ठपका स्त्रीवरच येई. वैद्याने गाठ किरकोळ ठरविल्यामुळे किंवा उपचार न परवडल्यामुळे होणारा उशीर त्यात हिशोबात धरलेला नसे.

या विषयावरील मौन खऱ्या अर्थाने सुटले ते १९७० नंतर. पूर्वीची चित्रपट-अभिनेत्री शर्ली टेंपल ब्लॅक यांनी १९७२ मध्ये झालेल्या आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत जाहीर केली. २८ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन शस्त्रक्रियेने काढण्यात आला व हे वृत्त लपविण्यात आले नाही. पाठोपाठ काही आठवड्यांतच नियोजित उपराष्ट्राध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीवरही तशीच शस्त्रक्रिया झाली. तपासणीसाठी स्त्रियांची रीघ लागली आणि त्या वर्षीच्या नव्या निदानांच्या आकड्यांत ठळक उंचवटा दिसून आला. रोग वाढला नव्हता. दडून राहिलेला रोग शोधला गेला होता.

त्याच वर्षी हा रोग जडलेल्या पत्रकार रोझ कुशनर यांच्या कार्याला वेगळे महत्त्व आहे. तेव्हाच्या प्रघातानुसार स्त्रीला भूल दिल्यावर गाठीचा तुकडा तपासला जाई व तो कर्करोगाचा ठरल्यास तिला शुद्धीवर न आणताच स्तन काढला जाई. आपला स्तन राहिला की गेला, हे तिला जाग आल्यावरच कळे. निदान व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या वेळी व्हाव्यात आणि मधल्या काळात रुग्णाला विचार करण्यास अवसर मिळावा, असा आग्रह कुशनर यांनी धरला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ञपरिषदेने त्यास मान्यता दिली. रुग्णांच्या चळवळीमुळे वैद्यकीय व्यवहारच बदलल्याचे हे ठळक उदाहरण असून ते गुलाबी फितीइतके प्रसिद्ध नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ऑक्टोबर महिना व गुलाबी फीत : ऑक्टोबर महिना या प्रचारास वाहण्याची प्रथा १९८५ पासून सुरू झाली. अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा औषधनिर्माण विभाग यांचा त्यात पुढाकार होता. स्तनकर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध याच कंपनीचे, ही बाब टीकाकारांनी वेळोवेळी निदर्शनास आणली आहे. फितीची मूळ कल्पना शार्लट हेली या वृद्ध अमेरिकन स्त्रीची. सरकारी कर्करोग संशोधनाच्या निधीतील फारच थोडा भाग प्रतिबंधासाठी खर्च होतो, याचा निषेध म्हणून ती घरी तयार केलेल्या फिकट नारिंगी फिती वाटत असे. एका मासिकाने व प्रसाधनांच्या कंपनीने तिच्याकडे सहकार्य मागितले, तेव्हा त्यात व्यापारी हेतू दिसल्याने तिने नकार दिला. मग रंग बदलून १९९२ मध्ये गुलाबी फीत प्रचारात आली. नंतर ती असंख्य विक्रेय वस्तूंवर झळकू लागली. २०१० मध्ये तर तळलेल्या कोंबडीच्या डब्यांवरही. अशा विक्रीतील किती रक्कम संशोधनास जाते, हा प्रश्न तेथील रुग्णसंघटनांनीच २००२ पासून जाहीरपणे विचारण्यास सुरुवात केली.

स्वपरीक्षण : दर महिन्यास स्त्रीने आपले स्तन ठराविक पद्धतीने स्वतः चाचपून पाहावेत, हा सल्ला अनेक वर्षे मोहिमांचा मुख्य भाग होता. त्याची कसोटी चीनमधील शांघाय शहरात लागली. तेथील कापडगिरण्यांतील सु. २ लाख ६६ हजार स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना १९८९ पासून हे परीक्षण काळजीपूर्वक शिकविण्यात आले. सु. दहा वर्षांनंतर शिकविलेल्या गटात १३५ व दुसऱ्या गटात १३१ मृत्यू स्तनकर्करोगाने झाल्याचे आढळले. म्हणजे मृत्यू घटले नाहीत. उलट निरुपद्रवी गाठी अधिक सापडून जीवोतक परीक्षा मात्र वाढल्या. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ठराविक विधीऐवजी आपल्या स्तनांच्या नेहमीच्या स्वरूपाची ओळख ठेवावी व नवी गाठ, त्वचेवर खळी, बोंड आत ओढले जाणे, रक्तस्राव असा बदल दिसताच वैद्याकडे जावे, असे सांगण्यात येते. क्ष-किरणांनी स्तनांचे चित्र घेण्याची मॅमोग्राफी ही पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तिने मृत्यू काही प्रमाणात घटतात; मात्र ज्यांपासून आयुष्यात कधीच अपाय झाला नसता असे रोगही तिने सापडतात व त्यांवर अनावश्यक उपचार होतात.

मुंबईतील प्रयोग : मॅमोग्राफीची यंत्रे व ती चालविणारे तज्ञ पुरेसे नसलेल्या देशात काय करावे, या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत भरीव उत्तर मुंबईत शोधले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातील गरीब वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचे २० भौगोलिक गट करून त्यांची दोन भागांत विभागणी केली. एका भागातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा, असे चार वेळा हातांनी तपासले. दुसऱ्या भागात कर्करोगाविषयी केवळ माहिती देण्याची एक फेरी झाली. पुढे दोन्ही भागांवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण तपासणीच्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. मृत्यूंत एकंदर १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. ५० व त्यावरील वयाच्या स्त्रियांत मात्र घट सु. ३० टक्के भरली व ती निर्णायक होती. ही वयवार विभागणी प्रयोगानंतर केलेली असल्याने तिचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. तरीही विशेष उपकरणांवाचून, केवळ शिकविलेल्या हातांनी एवढे साधते, हे महत्त्वाचे आहे.

भारतातील स्थिती : इंडियन कॅन्सर सोसायटी ही स्वयंसेवी संस्था १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झाली व तिच्या प्रयत्नाने १९६३ मध्ये तेथे कर्करोग रुग्णनोंदणी सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आरोग्यसेवकांकडून स्तनतपासणी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रत्यक्षात २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी स्त्रियांनी अशी तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी समजणे, परपुरुषाकडून तपासून घेण्याचा संकोच, घरातील कामे व खर्च यांपुढे स्वतःचे दुखणे मागे टाकणे ही कारणे परिचित आहेत. तालुक्याच्या ठिकाणी जीवोतक परीक्षेची सोय नसणे, हे कारण प्रचारपत्रकांत क्वचितच आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन अवस्थांत व्हावे, वैद्याकडे गेल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्धवट राहू नयेत, अशी उद्दिष्टे ठरविली आहेत.

पुरुषांनाही हा रोग होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सु. एक टक्का असून सर्व प्रचाराचा रोख स्त्रियांवर असल्याने पुरुष रुग्ण बहुधा अधिक उशिरा वैद्याकडे येतात.