कितव्या पानावर आहेस?

सोलापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर संध्याकाळी सहाच्या सुमाराला उभे राहा. चहाच्या टपरीवर गर्दी असते, प्रत्येकाच्या पाठीला सॅक असते. त्यातल्या कोणालाही विचारा, "काय बे, सध्या काय वाचतोय?" उत्तर ठरलेलं आहे. "लक्ष्मीकांत." नाहीतर "कोळंबे." म्हणजे राज्यघटना, नाहीतर अर्थशास्त्र. 'वाचणं' या शब्दाचा अर्थच आपल्याकडे आता 'एमपीएससीचा अभ्यास करणं' असा झालाय. "किती वाचलं आज?" "नऊ तास." तासांत मोजायची गोष्ट झाली ती.

पण जरा थांबून "ते सोडून?" असं विचारलंत, तर गंमत होते. समोरचा आधी इकडेतिकडे बघतो. मग आवाज खाली आणून एखादं नाव सांगतो. 'कोसला'. 'पर्व'. 'अक्करमाशी'. परीक्षेच्या वर्षात कादंबरी वाचणं म्हणजे घरच्यांपासून लपवून काहीतरी करणं असतं. सॅकमध्ये वर कोळंबे, खाली कादंबरी. तुमच्यापैकी किती जणांनी हे केलंय ते मला विचारायची गरज नाही.

या पानासाठी मला काम मिळालं होतं ते साधं होतं. सोलापूरची आपल्या वयाची पोरं आत्ता काय वाचतायत आणि त्यांना ते कसं वाटतंय, एवढं विचारून यायचं. पहिले दोन-तीन दिवस वहीत एकच वाक्य उतरत होतं. "छान आहे. नक्की वाचा." कोणाचंही पुस्तक, कोणतंही पुस्तक, छानच. स्टेटसला पुस्तकाचा फोटो, शेजारी चहाचा ग्लास, खाली "मस्ट रीड". पुस्तक आवडलं हे कळतं, पण का आवडलं, कुठे अडलं, कोणाचा राग आला, यातलं काहीच कळत नाही. दुकानदाराला साडीबद्दल सांगतो तसं आपण पुस्तकाबद्दल सांगतो.

मग एकीने सहज एक गोष्ट सांगितली. पुस्तक संपलं की तिचं मत गुळगुळीत होतं, पण मध्यावर असताना ती त्याच्याशी भांडत असते. मी तेव्हापासून प्रश्नच बदलला. "काय वाचतोयस?"च्या जागी "कितव्या पानावर आहेस?" एवढ्या फरकाने माणसं बोलायला लागली. करून बघा.

'कोसला'चंच घ्या. इंजिनिअरिंगचा एक मुलगा तीनदा चाळिसाव्या पानापर्यंत जाऊन परत आलाय. त्याचं म्हणणं सरळ आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यात जाऊन उदास होतो, ठीक आहे, पण त्याला घरून पैसे येतात म्हणून त्याला उदास व्हायला परवडतं. "मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो तेव्हा इंटरव्ह्यू देऊन त्याच रात्री परत येतो. मला उदास व्हायला वेळ कुठंय?" त्याच्याच रूमवरचा दुसरा मुलगा मात्र म्हणतो, हा तर मीच आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे आपल्याच वयाचे. मला विचाराल तर पहिल्या मुलाचं मत जास्त ऐकण्यासारखं आहे. पुस्तक अर्धवट सोडणाऱ्याला मत नसतं असं कोणी ठरवलं?

आता मुख्य गोष्ट. देविदास सौदागर यांची 'उसवण' तुम्ही वाचली नसेल तर निदान नाव ऐकलं असेल. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. सौदागर तुळजापूरचे, म्हणजे आपल्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावरचे, आणि स्वतः शिवणकाम करणारे. कादंबरी एका शिंप्याची आहे. रेडिमेड कपडे येतात, गिऱ्हाईक कमी होत जातं आणि शिलाई मशीनवर चालणारं घर हळूहळू उसवत जातं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना आनंद झाला, फोटो फिरले, "आपल्या भागातला लेखक" म्हणून छाती फुगली. वाचली किती जणांनी, तो प्रश्न वेगळा.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने ती वाचायला घेतली. कॉमर्सची, शेवटच्या वर्षाला. तिच्या वर्गातल्या दोघींनी आधी वाचली होती आणि दोघींचं मत "रडू आलं" असं होतं. ही निम्म्यात असताना मी तिला गाठलं. तिला रडू आलं नव्हतं, तिला अवघडल्यासारखं झालं होतं. कारण तिचे वडील शहरातल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात पीसवर शिवतात. सोलापूरचे शाळेचे गणवेश देशभर जातात हे आपण अभिमानाने सांगतो. ते गणवेश शिवणाऱ्या हजारो हातांपैकी दोन तिच्या घरातले. तिचं म्हणणं असं : "ज्या रेडिमेडमुळे पुस्तकातल्या शिंप्याचं काम गेलं, ते रेडिमेड माझे पप्पा शिवतात. मग मी कोणाच्या बाजूने वाचू?"

मला यावर लगेच काही बोलता आलं नाही. तुम्हाला आलं असतं?

तिने पुढे जे सांगितलं ते मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. पुस्तकातल्या शिंप्याकडे स्वतःचं दुकान आहे, निदान होतं. गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखतं. माप घेताना माणूस समोर उभा असतो. तिच्या वडिलांना आपण शिवलेला शर्ट कोण घालणार हे कधीच कळत नाही. त्यांच्याकडे फक्त बाह्या येतात, नाहीतर फक्त कॉलर. दिवसाला किती झाल्या तेवढे पैसे. त्यामुळे शिंप्याचं दुकान मोडताना बघून तिला वाईट वाटलं, पण आपल्या वडिलांकडे मोडायला दुकानसुद्धा नव्हतं हेही तेव्हाच लक्षात आलं. रात्री तिने वडिलांना दोन-तीन पानं वाचून दाखवली. त्यांनी कादंबरीवर मत दिलं नाही. मशीनच्या कामाचे शब्द बरोबर लिहिलेत, एवढं म्हणाले आणि झोपायला गेले. माझ्या मते या पुस्तकाला मिळालेली ही फार मोठी दाद आहे.

असं मत "छान आहे, नक्की वाचा" मध्ये कुठे बसवणार?

मत द्यायला कधीकधी हिंमतही लागते. शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा. त्यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं, पुढे इंग्रजीतही गेलं. 'सनातन' या कादंबरीसाठी त्यांना २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला. कॉलेजात हे आत्मकथन शिकवलं जातं, त्यावर प्रश्न येतात, मार्क पडतात. पण टपरीवर त्याच्यावर बोलायची वेळ आली की चमत्कारिक शांतता पसरते. एका ग्रुपमध्ये मी हे बघितलं. एकाने मनापासून सांगितलं की वाचून त्याला फार दया आली. अक्कलकोटकडचाच दुसरा मुलगा एकदम तडकला. "दया कशाला? पुस्तकात भूक आहे, जात आहे, बाप नाव देत नाही हे आहे. याच्यावर तुला राग यायला पाहिजे, दया नाही. आणि गाव तेच आहे बे, मी त्याच रस्त्याने येतो."

पुढची पाच मिनिटं जड गेली. पहिला मुलगा वाईट नव्हता, त्याला जे वाटलं ते तो बोलला होता. दुसराही खोटं बोलत नव्हता. पण त्या पाच मिनिटांनंतर दोघे अर्धा तास बोलले, चहाचा दुसरा राउंड झाला. पहिल्याने कबूल केलं की आपल्याला गावाचा तो भाग कधी बघावाच लागला नाही, म्हणून दया स्वस्तात आली. दुसऱ्याने त्याला किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचायला सांगितलं. तेही आपल्याच जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. १९९४चं पुस्तक, एका नाचणाऱ्या बाईच्या मुलाने डॉक्टर होता होता लिहिलेलं. जिल्ह्याचा असा साहित्यातला नकाशा कोणी काढायला हवा खरंतर.

ही भांडणं आपल्याला नवीन नाहीत, मोठ्यांनीही ती केली आहेत आणि झकास केली आहेत. रणजित देसाई 'श्रीमान योगी'चं काम करत होते तेव्हा नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी त्यांना शिवाजी महाराजांकडे कसं पाहावं यावर लांबलचक पत्र लिहिलं. देसाईंनी तेच कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलं. आजही पुस्तक उघडलंत की आधी ते पत्र समोर येतं. बरेच जण ते ओलांडून थेट कादंबरीवर जातात. यापुढे ओलांडू नका, आधी ते वाचा.

आणि ज्यांना तोंडावर बोलायचं नसतं ते काय करतात माहितीये? वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलने लिहितात. हे चुकीचं आहे, ग्रंथपाल ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. पण जुनी पुस्तकं चाळताना मला हे शेरे वाचायचा नाद लागलाय. एका कादंबरीच्या समासात कोणीतरी "मूर्ख" असं लिहिलेलं, आणि खाली वेगळ्या अक्षरात "तू मूर्ख". एका रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर खुनी कोण ते सांगून टाकलेलं, असल्या माणसाला तिकीट न काढता गड्ड्याच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात तासभर बसवून ठेवायला हवं. पुस्तकाच्या शेवटी तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी असते, ती पण बघत जा. काही पुस्तकांवर शिक्क्यांची रांग असते आणि काहींवर दोनच, त्यातही मध्ये अकरा वर्षांचं अंतर. त्या दोन वाचकांची कधी भेट झाली असती तर काय बोलले असते असं वाटत राहतं.

आपल्याकडे पुस्तकं नाहीत असं अजिबात नाही. हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, पेठांमधून छोटी वाचनालयं आहेत. २००६ साली ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे सोलापुरात भरलं, आणि अध्यक्ष होते सोलापुरातच जन्मलेले मारुती चितमपल्ली. मी तेव्हा तीन वर्षांची, त्यामुळे त्या मांडवाची आठवण असण्याचा प्रश्न नाही. पण १८ जून २०२५ला ते सोलापुरातच गेले आणि त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी श्रद्धांजलीचे फोटो टाकले. त्यानंतर आमच्यातल्या चौघांनी 'चकवाचांदण' वाचायला घेतलं. जाडजूड आत्मचरित्र आहे. तिघे अजून वाचतायत, एकाने सोडलं. सोडणाऱ्याचं मत : झाडं-पक्षी फार, माणसं कमी. टिकून राहिलेल्यांपैकी एक जण त्यांच्या शब्दांवर अडकलाय. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', असे शब्द त्यांनी मराठीला दिले. हा पोरगा आता होस्टेलला 'बॅचलरागार' म्हणतो. चौथी म्हणजे मी. मला सुरुवातीची पानं संथ वाटली, अजूनही वाटतात, पण दोन पानं वाचून खिडकीबाहेर बघायची सवय लागली आहे आणि आमच्या गल्लीत धनेश आहे हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

सोलापूरचं आणखी एक आहे, ते दुसऱ्या शहरांत सहसा मिळणार नाही. इथे एकाच घरात तीन भाषा चालतात. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू, आणि शाळा मराठी. एका मैत्रिणीच्या घरी असंच आहे. आजोबा कन्नड शाळेत शिकलेले, ती मराठी. भैरप्पांचं 'पर्व' तिने उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात घेतलं तेव्हा आजोबांनी कपाटातून स्वतःची कन्नड प्रत काढली. 'पर्व' म्हणजे चमत्कार काढून टाकलेलं महाभारत, त्यातली माणसं थकतात, म्हातारी होतात, त्यांना उकाडा सहन होत नाही. उमाताईंच्या अनुवादाचीही एक गोष्ट आहे. त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ते ऐकून मराठीत आणायच्या. या घरातही आता तेच चाललंय, टेप नाही एवढाच फरक. जेवणं झाली की आजोबा कन्नडमधलं एखादं पान मोठ्याने वाचतात, नात मराठीतलं तेच पान शोधते, आणि मग एखाद्या शब्दावरून सुरू होतं. कधी ती म्हणते मराठीत जास्त बोचतं, कधी ते म्हणतात कन्नडमध्ये जे आहे ते तुला कळणारच नाही. आजी मध्येच विचारते, पाणी कोण भरणार.

परवा मी विचारलं तेव्हा दोघंही कुंतीच्या प्रकरणात होते. आजोबांचं म्हणणं, भैरप्पांनी कुंतीला फार बोलायला लावलंय. नात म्हणते, इतकी वर्षं कोणी तिला विचारलंच नव्हतं, बोलू दे की. चार दिवस झाले, पान पुढे सरकलेलं नाही.