कातडीचा ताजेपणा डब्यात मिळतो का?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गटाच्या बैठकीत लागणीच्या नि खोडव्याच्या प्रश्नांबरोबर हल्ली एक निराळाच प्रश्न निघतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या लेकी-सुनांनी पाठवलेला असतो. मोबाईलवर कोलॅजन नावाच्या भुकटीची जाहिरात येते. रोज चमचाभर घ्या, सुरकुत्या जातील, चेहरा तुकतुकीत होईल, असे त्यात सांगतात. डबा हजार रुपयांच्या पुढेच. तर तो घ्यावा का? मी काही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकेचा माणूस. पण यातली बरीच गोष्ट शेतीच्याच हिशेबाने समजण्यासारखी आहे, म्हणून लिहितो.

कोलॅजन हे एक प्रथिन आहे. आपल्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे 30 टक्के तेच. कातडी, हाडे, सांधे, हिरड्या ही सगळी त्याच्या आधारावर उभी. त्याची रचना कशी असते हे 1954-55 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडले. रचना म्हणाल तर आपल्या तीन पदरी चऱ्हाटासारखी. एकटा पदर ओढला की तुटतो, तिन्ही पिळले की बैल आवरतात.

हा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर चऱ्हाट उसवते, हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. पूर्वी जहाजावरचे खलाशी याच रोगाने मरत. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने त्यांना संत्री-लिंबे देऊन बरे केले. गंमत बघा, गाय-शेळी हे जीवनसत्त्व आपल्या अंगातच तयार करतात. माणसाला मात्र ते खाऊनच मिळवावे लागते.

आता भुकटीकडे येऊ. आपण पाचट न जाळता सरीत कुजवतो. ते कुजते, अन्नद्रव्ये मोकळी होतात, मुळ्या ती उचलतात. मग त्याचे कांडे करायचे की फुटवा, हे ऊस ठरवतो. पाचट घातले म्हणून नुसती पानेच जास्त आली, असे कुणी पाहिले आहे का? भुकटीचेही तसेच आहे. पोटात तिचे बारीक तुकडे होतात. काही तुकडे तसेच रक्तात जातात हे खरे, पण ते गालावरच जाऊन बसतील याची हमी कुणी देत नाही. काही चाचण्यांत कातडीचा ओलावा नि लवचीकपणा थोडा वाढलेला दिसला. पण 2025 मध्ये 23 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ज्यांना औषध कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत फायदा आढळला नाही. आपणही बियाणे विकणाऱ्याच्याच प्लॉटवरचा उतारा बघून वाण ठरवत नाही.

आणखी एक. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला जाणारी, मांसाहार न करणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या सभासदांत आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की कोलॅजन कुठल्याच भाजीपाल्यात नसते. ही भुकटी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून किंवा माशांच्या खवल्यांपासून काढतात. 'शाकाहारी कोलॅजन' म्हणून जे विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व, जस्त असलेच पदार्थ असतात, म्हणजे जे घरच्या जेवणातून मिळते तेच.

शरीराला लागतो तो कच्चा माल. वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. भाकरीबरोबर डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध आणि चालत असेल तर अंडी, एवढ्यावर भागते. क जीवनसत्त्व बाईला रोज 65, पुरुषाला 80 मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू त्याहून जास्त देतो, आवळा तर देतोच देतो. फक्त ते फार शिजवू नका, उष्णतेने ते बरेच नासते. हे नसताना नुसते प्रथिन खाणे म्हणजे लोहाअभावी आलेल्या केवड्यावर युरिया टाकणे.

नासाडी कशाने होते तेही सांगतो. पहिला नंबर उन्हाचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतले कोलॅजन तुटते. तोडणीवरच्या बाया लुगड्यावर पुरुषी सदरा चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात, त्याला कुणी हसू नये. कुठल्याही डब्यापेक्षा तो सदरा जास्त काम करतो. दुसरा नंबर विडी-सिगारेटचा. सुपारी-गुटख्याची तऱ्हा उलटी, तिथे तोंडात कोलॅजन नको तितके साठते आणि जबडा उघडेनासा होतो. तिसरी साखर. कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिणे जरा अवघड आहे, पण खरे आहे. रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि चऱ्हाट कडक, ठिसूळ होते. गूळ खाल्ला म्हणून यातून सुटका नाही.

आता जे सांगायचे ते चेहऱ्याच्या ताजेपणापेक्षा मोठे आहे. बाईच्या अंगातले इस्ट्रोजेन कोलॅजन टिकवून धरते. पाळी कायमची गेली की पहिल्या पाच वर्षांत कातडीतले कोलॅजन 30 टक्क्यांपर्यंत उतरते, हाडेही विरळ होऊ लागतात. आपल्या बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंडाशयेही काढली असतील तर पन्नाशीत व्हायचा बदल तिशीतच एकदम होतो. नुसती पिशवी काढली तरी तो काहीसा लवकर येऊ शकतो. खाडा नको म्हणून पिशवी काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी अंडाशये ठेवली आहेत का, हे कागदपत्रांत बघून घ्यावे आणि सरकारी दवाखान्यात हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांबद्दल विचारावे. अशा बाईला भुकटीचा डबा विकणे म्हणजे तिची शुद्ध फसवणूक आहे.

डब्याच्या पैशात आवळ्याची कलमे येतील. बालाघाटाच्या मुरमाड बांधावरही आवळा तग धरतो. मात्र एकाच जातीची कलमे लावू नका. कृष्णा, कांचन, चकैया यांपैकी निदान दोन जाती जवळजवळ असल्या तरच फळधारणा चांगली होते.