साताऱ्याचे नियम, पुण्याची पलटण

पुणेरी पलटण हा प्रो कबड्डी लीगमधला पुण्याचा संघ 2014 साली उभा राहिला. खेळाडूंचा जाहीर लिलाव, मालकाशी करार, ठरलेले मानधन आणि दूरचित्रवाणीवर रोजचे सामने, अशा सर्व अर्थांनी व्यावसायिक म्हणता येतील असे कबड्डीचे जे पहिले आठ संघ त्या वर्षी तयार झाले, त्यांपैकी हा एक. संघाची सुरुवात 2014 ची असली, तरी तो ज्या खेळावर उभा आहे त्याची गोष्ट साताऱ्यापासून सांगावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ गावोगावी होता, पण त्याला एक रूप नव्हते. महाराष्ट्रात तो हुतूतू, बंगालात हा-डु-डु, दक्षिणेत चेडुगुडू. नावांइतकेच नियमही वेगळे. बाद झालेल्या गड्याचे काय करायचे, यावरूनच तीन प्रकार पडत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येई. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. शेजारच्या दोन गावांचे संघ समोरासमोर आले तर खेळ सुरू होण्याआधी वाद सुरू होणार, हे ठरलेलेच. दम कुठे सुटला, घोष मध्येच तुटला का, झटापटीत रेषेबाहेर गेलेला गडी बाद की नाही, प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे असत.

1918 च्या सुमारास साताऱ्यातील काही उत्साही मंडळींनी हे नियम ठरवायला घेतले आणि त्यांबरहुकूम सामने खेळवले. 1921 पर्यंत संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालणारी नियमावली महाराष्ट्रात तयार झाली. आजच्या खेळाचा गाभा याच मेळातून आला आहे. गडी जिवंत होणे हे संजीवनीचे, तर पूर्ण संघ बाद झाल्यावर चढणारा लोण हे गामिनीचे देणे. आज पुण्यात बालेवाडीच्या दिव्यांखाली निवेदक ‘लोण’ असे ओरडतो, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तडजोडीचाच शब्द उच्चारत असतो. 1923 मध्ये या नियमांत दुरुस्त्या झाल्या. त्याच वर्षी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली आणि खेळ प्रांताबाहेर पडला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना आणखी घोटीव रूप दिले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डीही होती. 1938 मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिचा समावेश झाला. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने पहिले सुवर्णपदक घेतले.

नियम झाले, महासंघ झाला, सुवर्णपदकही आले. पण केवळ खेळून पोट भरण्याची सोय मात्र झाली नाही. इथे अमेरिकेतल्या बेसबॉलशी तुलना बोलकी ठरते. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने बेसबॉलचे नियम 1845 मध्ये लिहून काढले आणि 1869 मध्ये, म्हणजे अवघ्या 24 वर्षांत, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ मैदानात उतरला. हॅरी राइट यांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने पहिल्या हंगामात एकही सामना गमावला नाही. त्याआधी तिथेही पैसा दाराआडून दिला जाई. अल्बर्ट स्पॉल्डिंग या तरुण गोलंदाजाला 1867 मध्ये शिकागोत किराणा मालाच्या घाऊक पेढीत कारकून म्हणून नेमले गेले. खरे काम बेसबॉल खेळण्याचे. कबड्डीत साताऱ्याच्या नियमांपासून पहिल्या लिलावापर्यंत नव्वदहून अधिक वर्षे गेली, आणि एवढा सगळा काळ खेळ याच ‘कारकुनी’ वाटेने जगला.

महाराष्ट्राच्या कबड्डीत ‘व्यावसायिक’ हा शब्द 2014 च्या आधीपासून रूढ आहे, पण त्याचा अर्थ वेगळा होता. स्पर्धांमध्ये ‘स्थानिक’ गट मंडळांचा आणि ‘व्यावसायिक’ गट कार्यालयांचा असे. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे, पोलीस असे संघ त्यात उतरत. सातारा-सांगलीकडचा एखादा चांगला चढाईपटू जत्रेच्या किंवा शिवजयंतीच्या स्पर्धेत कोणाच्या तरी नजरेत भरायचा, मुंबई-पुण्यात क्रीडा कोट्यातून नोकरीला लागायचा आणि दिवसा टेबलावर बसून संध्याकाळी सरावाला जायचा. पगार नोकरीचा, खेळ संस्थेचा. या व्यवस्थेने शेकडो घरे सावरली, हे मान्य करायलाच हवे. मात्र खेळाडूच्या कौशल्याला वेगळा भाव नव्हता. उत्तम पकड करणारा आणि साधारण खेळणारा एकाच वेतनश्रेणीत निवृत्त होत.

ही माणसे घडत होती ती मंडळांच्या मैदानांवर. साताऱ्याचे शिवाजी उदय मंडळ, सांगलीचे तरुण भारत व्यायाम मंडळ ही त्यांतली जाणती नावे. त्यांच्याखाली कृष्णा-वारणेच्या काठची असंख्य गावमंडळे. मातीचे मैदान तयार करणे हेच एक काम असते. माती खणून, चाळून, खडे वेचून टाकायचे, पाणी मारून ती बसू द्यायची आणि सामन्याच्या दिवशी दोरी ताणून फक्कीने मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, राखीव क्षेत्र आखायचे. दोन सामन्यांत रेषा पुसट होतात, मग पोरे फक्कीची घमेली घेऊन पुन्हा धावतात. गावच्या स्पर्धा अनेकदा वजनी गटांत होतात, त्यामुळे सडपातळ पोरालाही जागा मिळते. कोपरारक्षक गुडघ्यांवर वाकून घोट्यावर नजर ठेवतो, मधले दोघे हातात हात गुंफून साखळी धरतात, चढाईपटू पाय पुढे टाकून चवडा मागे घेतो. पट काढणे, घोटा धरणे, कंबरेला मिठी मारणे ही भाषा याच मातीतली. पुढे मॅट आल्यावर पायात बूट आले, खेळ वेगवान झाला, मातीवर पाय घट्ट रोवून केलेली पकड मॅटवर तशीच्या तशी चालेना. हा बदल अनेक मातीतल्या खेळाडूंना जड गेला.

2014 मध्ये आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने प्रो कबड्डी लीग सुरू केली. मे महिन्यात मुंबईत झालेल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, पाटणा संघाने त्याच्यासाठी 12.80 लाख रुपये मोजले. क्रिकेटच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळ होती. पण कबड्डीपटूच्या कौशल्याला उघड बाजारात किंमत लावली जाण्याची ही पहिलीच वेळ. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत पहिला सामना झाला. तिसाव्या सेकंदाला संपणारी चढाई आणि दोन चढाया कोऱ्या गेल्यावर गुण आणावाच लागेल अशी तिसरी चढाई यांमुळे रेंगाळणे संपले. घरबसल्या पाहणाऱ्याला प्रत्येक अर्ध्या मिनिटाला निकाल मिळू लागला.

महाराष्ट्राचे दोन संघ होते. अनुपकुमारच्या नेतृत्वाखालील यू मुंबाने पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्यात विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटण मात्र दोन्ही हंगामांत आठ संघांत आठवी राहिली. हरियाणाच्या वझीर सिंगकडे नेतृत्व होते. संघाच्या नावात पुणे, प्रेक्षक पुण्याचे, पण खेळाडू कुठून येणार हे लिलावाच्या टेबलावर ठरत होते. याचा सर्वांत ठळक पुरावा सांगली जिल्ह्याने दिला. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला गाजलेला चढाईपटू; दुसऱ्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटूचा मान त्याला मिळाला. पण तो खेळत होता दबंग दिल्लीकडून. सांगलीचाच नितीन मदने बंगाल वॉरियर्सकडे होता आणि 2014 मध्येच इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत इराणला 27-25 असे हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. बालेवाडीत पुण्याचा संघ हरत असताना कृष्णाकाठची पोरे दिल्ली-कोलकात्यासाठी गुण आणत होती. मंडळाच्या निष्ठेवर वाढलेल्या प्रेक्षकाला हे पचायला वेळ लागला. व्यावसायिक खेळात संघ गावाचा असतो आणि खेळाडू कराराचा, ही गोष्ट सिनसिनाटीकरांनाही 1870 नंतर शिकावी लागली होती: हॅरी राइट आपले निवडक खेळाडू घेऊन बोस्टनला निघून गेले होते.

2016 मध्ये दोन हंगाम झाले आणि पलटणीचे दिवस पालटले. बेंगळुरूहून अष्टपैलू मनजित छिल्लर आला, त्याच्याकडे नेतृत्व आले. अजय ठाकूर आणि दीपक हुडा चढाईला आले. दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. तयार, नावाजलेले खेळाडू आणून मिळवलेले हे यश होते आणि ते खेळाडू पांगताच ते टिकले नाही. 2017 मध्ये लीग बारा संघांची झाली, बोली वाढल्या, आणि पुढची काही वर्षे संघ मधल्या-खालच्या जागांवर घुटमळत राहिला. कोरोनामुळे 2020 मध्ये लीगच झाली नाही.

खरी बांधणी त्यानंतर झाली. प्रेक्षकांविना बेंगळुरूत खेळल्या गेलेल्या आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन नवखे चढाईपटू पुढे आले. अस्लम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा. नोकरीच्या संघांची जुनी वाट न तुडवता थेट लीगमध्ये घडलेल्या पिढीतला. बंगालला आधी विजेतेपद मिळवून दिलेले बी. सी. रमेश नवव्या हंगामात प्रशिक्षक म्हणून आले आणि इराणच्या फझल अत्राचलीकडे नेतृत्व आले. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत संघ पहिल्यांदा अंतिम सामना खेळला आणि जयपूरकडून 33-29 असा हरला. अस्लम आणि मोहित दोघेही त्या दिवशी दुखापतीमुळे बाहेर होते.

पुढच्या लिलावात पलटणीने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2.35 कोटी रुपये मोजले. 12.80 लाखांच्या विक्रमी बोलीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पण हा एक खर्च सोडला तर संघ तरुणांचाच राहिला, कर्णधार अस्लम. दहाव्या हंगामाच्या साखळीत 22 पैकी 17 सामने जिंकून, फक्त 2 हरून तो पहिला आला. उपांत्य सामन्यात पाटण्याचा 37-21 असा धुव्वा उडाला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्धचा अंतिम सामना पकडींचा होता, गुण कमी आणि ताण जास्त. पंकज मोहितेने एकाच अव्वल चढाईत चार गडी टिपून सामना पलटणीकडे झुकवला. अखेरच्या मिनिटांत हरियाणाने अंतर कमी करत आणले, तरी पलटणीने आघाडी सोडली नाही. शेवटी फलक 28-25 दाखवत होता आणि दोनदा तळाला राहिलेल्या संघाकडे पहिला चषक आला. हंगामातील सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, सर्वोत्तम बचावपटू शादलू. पुढच्याच हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी हरियाणाने आपला पहिला चषक उचलला तो बालेवाडीच्याच मॅटवर.