माथ्यावरची फुली

नवेगाव बांधला लोक जातात ते तलाव आणि पाखरं बघायला. याच गोंदिया जिल्ह्यात बिरसीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली. आता तिथं शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. बघणाऱ्यांची नजर पंखांवर असते. विमानाच्या बोल्टकडे कोण बघतो? पण त्यांचा कारभार गावातल्या हार्डवेअरच्या दुकानापेक्षा फार निराळा.

अमेरिकी पद्धतीचा ‘एएन३-५ए’ घ्या. ३ म्हणजे जाडी ३/१६ इंच, ५ म्हणजे लांबी साधारण ५/८ इंच, ‘ए’ म्हणजे दांड्याला कॉटर पिनसाठी भोक नाही. माथ्यावर उठावाची फुली असली की मिश्र पोलाद, दोन रेघा असल्या की ॲल्युमिनियम. पोलादी बोल्ट चौरस इंचाला १,२५,००० पौंडांचा ताण सोसतो. गंमत म्हणजे मोटारींच्या दुकानात याहून कडक बोल्ट मिळतात. पण फार कडक बोल्ट कडकन तुटतो. विमानाला आधी वाकणारा हवा. त्यात आणखी एक भानगड. गंजू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि जास्त ताकदीचं पोलाद ठिसूळ होतं. म्हणून असे बोल्ट नंतर सुमारे १९० अंशांवर तासन्‌तास भट्टीत ठेवतात. बसवतानाही भार गुळगुळीत दांड्यानं घ्यायचा, आट्यांनी नाही.

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं मिग आणि पुढं सुखोई बांधली. तिथं मानकं रशियन, मापं मिलिमीटरची. इंची बोल्ट तिथं कुचकामी.

एवढा काटेकोरपणा कशाला, याचं उत्तर १० जून १९९० च्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात आहे. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या या विमानाची समोरची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, विमान साउदॅम्प्टनला उतरलं, तोही वाचला. काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा ०.०२६ इंच बारीक निघाले: ‘८डी’च्या जागी ‘८सी’. देखभाल करणाऱ्यानं नवे बोल्ट निवडले होते ते जुन्याशी नजरेनं ताडून. आणि काढलेले ते जुने बोल्टही मुळात आखूडच होते. विमान मात्र तोवर त्यांच्यावर बिनतक्रार उडत आलं होतं.