असंख्येय्य : पालि परंपरेतील एका महासंख्येचा विचार

बोधिसत्त्वाने चार असंख्येय्य आणि एक लक्ष कल्प पारमींची पूर्तता केली, असे जातकट्ठकथेच्या निदानकथेत सांगितले आहे. हे वचन ऐकताना 'असंख्येय्य' म्हणजे अनंत, असा अर्थ बहुधा घेतला जातो. व्युत्पत्तीही तशीच आहे : जे मोजता येत नाही, ते असंख्येय्य. परंतु पालि वैयाकरणांनी या शब्दाला एक निश्चित संख्या नेमून दिली आहे.

कच्चायन व्याकरणातील गणनेत कोटीला पुनःपुन्हा कोटीने गुणले आहे. त्यातून पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत अशी नावे येतात. दहावी पायरी अहह आणि विसावी असंख्येय्य. प्रत्येक पायरीला ७ शून्ये वाढतात. म्हणून असंख्येय्य म्हणजे १ वर १४० शून्ये, अर्थात १४१ अंकी संख्या.

या संख्येचे मूळ अवयव २ आणि ५ हे दोनच. प्रत्येक १४० वेळा येतो. त्यामुळे तिचे एकूण विभाजक १४१ × १४१ = १९,८८१ होतात. ३ किंवा ७ ने तिला निःशेष भाग जात नाही. ती पूर्ण वर्ग आहे आणि तिचे वर्गमूळ अहह होय. तिचे चौथे मूळ निन्नहुत, पाचवे नहुत, दहावे पकोटि, तर विसावे कोटी. मात्र १४० ला ३ ने भाग जात नसल्याने तिचे घनमूळ पूर्णांकात मिळत नाही.

येथे दोन भेद ध्यानात ठेवावेत. अंगुत्तरनिकायात कल्पाच्या संवट्ट, विवट्ट आदी चार अवस्थांनाही 'असंख्येय्य' म्हटले आहे. तेथे ही संख्या अभिप्रेत नाही. तसेच अब्बुद, निरब्बुद ही गणनेतील नावे कोकालिकसुत्तात नरकांची आहेत आणि तेथील आयुर्मान कोटीपटीने नव्हे, २० पटीने वाढते.

निदानकथा स्वतः आकडा देत नाही. तथापि व्याकरणातील मूल्य तेथे योजले, तर चार असंख्येय्य आणि एक लक्ष ही संख्या अशी होते : ४, त्यापुढे १३४ शून्ये, मग १ आणि शेवटी ५ शून्ये. एवढ्या राशीपुढे लक्ष नगण्यच. तरीही परंपरेने ते वगळले नाही.

संसाराचा आरंभ 'अनमतग्ग' म्हटला गेला. त्याला संख्या दिली नाही. पारमींच्या काळाला मात्र दिली. महान आणि अनंत यांतील हा भेद केवळ गणिताचा नाही. अनंत मार्ग कोणालाच संपवता येत नाही. सांत मार्ग कितीही दीर्घ असला तरी प्रत्येक पावलाने उणा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बुद्ध मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, असे प्रतिपादन केले. असंख्येय्याचा हा अर्थ त्याच्याशी सुसंगत आहे. बुद्धत्व ही दैवी देणगी नव्हे. ते प्रयत्नाने पूर्ण झालेले कार्य आहे. उपासकांनी हे वचन वंदनेपुरते न ठेवता वीर्यपारमीच्या दृष्टीनेही वाचावे.